‘मुक्त’ आणि ‘ग्रस्त’ : शांतता-अभ्यासाच्या मराठी परिभाषेचे एक परीक्षण

(१)

शांतता, संघर्ष आणि आंतरराष्ट्रीय विकास यांचा एकत्र अभ्यास करणारी ज्ञानशाखा विद्यापीठीय जगात फारशी जुनी नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मँचेस्टर महाविद्यालयात १९४८ मध्ये या विषयाचे अध्यापन सुरू झाले. मिशिगन विद्यापीठात केनेथ बोल्डिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये संघर्षविषयक नियतकालिक काढले. १९५९ मध्ये योहान गाल्टुंग यांनी ऑस्लो येथे संशोधनसंस्था स्थापन केली, आणि १९७३ मध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात अ‍ॅडम कर्ल यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतात जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठाने २००४ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाने असे केंद्र काढले. या इतिहासात एक गोष्ट भारतीय वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. गाल्टुंग यांच्या आरंभीच्या लेखनात, १९५५ मध्ये आर्ने नेस यांच्यासह लिहिलेला गांधीजींच्या राजकीय नीतीवरील ग्रंथ येतो. म्हणजे जो विचार पाश्चात्त्य विद्यापीठांतून आज आपल्याकडे येतो, त्याचा एक धागा इथूनच तिकडे गेलेला होता.

हा विषय मराठीतून शिकविण्याची वेळ आली म्हणजे मात्र एक अडचण उभी राहते. ती शब्दांच्या तुटवड्याची नव्हे. ‘संघर्ष-निराकरण’, ‘संरचनात्मक हिंसा’, ‘सकारात्मक शांतता’, ‘शाश्वत विकास’ असे शब्द घडविले गेले आहेत आणि ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत निर्वेधपणे वावरतात. अडचण वेगळीच आहे. भांडणे, ती थांबविणे आणि त्यांचा निवाडा करणे यांविषयी मराठीची स्वतःची एक प्रदीर्घ आणि सूक्ष्म शब्दव्यवस्था आहे. नव्या परिभाषेचा तिच्याशी कोठेच सांधा जुळत नाही. परिणामी विद्यार्थी वर्गात एका भाषेत विचार करतो आणि वर्गाबाहेरचा तंटा दुसऱ्या भाषेत अनुभवतो. हा दुरावा कशाने उत्पन्न होतो आणि त्याने काय झाकले जाते, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

प्रथम ‘संघर्ष-निराकरण’ हाच शब्द घ्यावा. ‘निराकरण’ म्हणजे दूर सारणे, खोडून काढणे. मराठीत हा शब्द मुख्यतः शंका, आक्षेप आणि तक्रार यांच्याबरोबर येतो. शंका ही अज्ञानातून किंवा गैरसमजातून निर्माण होते; खरे काय ते सांगितले की ती उरत नाही. म्हणून शंकेचे निराकरण योग्यच आहे. परंतु हाच शब्द संघर्षाला जोडला की संघर्ष हाही एक प्रकारचा गैरसमजच आहे, असा अर्थ नकळत त्यात शिरतो. धरणाखाली जमीन गेलेला शेतकरी आणि धरण बांधणारी कंपनी यांच्यात गैरसमज नसतो. दोघांनाही वस्तुस्थिती पुरेपूर ठाऊक असते. मुळशी खोऱ्यात १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि मावळे यांनी जो सत्याग्रह केला त्याचे ‘निराकरण’ कोणत्या शंकेच्या समाधानाने झाले असते?

आता बोलीतील व्यवस्था पाहावी. मराठीत गुंता, तिढा आणि पेच ‘सुटतात’. तंटा, भांडण आणि वाद ‘मिटतात’. दंगल आणि क्षोभ ‘शमतात’. संप ‘मागे घेतला’ जातो किंवा ‘मिटतो’. आणि बोलणी अडली की त्यांवर ‘तोडगा’ निघतो. ही क्रियापदे परस्परांच्या जागी सहसा जात नाहीत. ‘दंगल सुटली’ असे कोणी म्हणत नाही आणि ‘पेच शमला’ असेही म्हणत नाही. प्रत्येक क्रियापद संघर्षाची एक निराळी कल्पना मनाशी धरून आहे. गुंता सुटतो तेव्हा धागा शाबूत राहतो, फक्त त्याची गाठ जाते. म्हणजे येथे संबंध टिकवावयाचा आहे हे गृहीत आहे. दंगल शमते तेव्हा ती अग्नीप्रमाणे निवते. ‘शम्’ हाच धातू ‘शांत’ या शब्दातही आहे. ‘तोडगा’ हा तर मुळात व्याधीवरचा किंवा बाधेवरचा उतारा. म्हणून त्यात तात्पुरतेपणाची छटा आजही उरली आहे.

‘मिटणे’ या क्रियापदाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. हिंदीतील ‘मिटना’ म्हणजे पुसले जाणे. मराठीत मात्र डोळे मिटतात, पाकळ्या मिटतात, ओठ मिटतात आणि तंटाही मिटतो. मराठी ‘मिटण्या’त नाहीसे होणे नाही, बंद होणे आहे. मिटलेल्या पाकळीच्या आत जे असते ते आतच राहते. तंटा मिटला असे म्हणताना मराठी भाषक त्याचे मूळ गेले असा दावा करीत नाही. तो बाहेरून दिसेनासा झाला एवढेच सांगतो. या दृष्टीने पाहता बोलीतील हे क्रियापद ‘निराकरणा’हून अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे.

याच क्रियापदाची प्रयोजक रूपे सहायक क्रियापदांसह येतात, तेव्हा कर्त्यांची एक संपूर्ण मांडणीच दृष्टीस पडते. मध्यस्थ तंटा ‘मिटवून देतो’. पक्षकार तो ‘मिटवून घेतात’. आणि ज्याच्या हाती सत्ता आहे तो ‘मिटवून टाकतो’. ‘देणे’ हे फळ दुसऱ्याकडे जाते असे दाखविते, ‘घेणे’ ते कर्त्याकडे येते असे दाखविते, आणि ‘टाकणे’ कार्य एकदाचे उरकल्याचे दाखविते. येथे एक सामाजिक निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. ‘मिटवून घे’, ‘जुळवून घे’, ‘सांभाळून घे’ ही आज्ञार्थी वाक्ये समाजात कोणाला उद्देशून उच्चारली जातात? बहुधा सासरी गेलेल्या मुलीला, कुळाला, धाकट्या भावाला, नोकराला. व्याकरण सांगते की ‘घेणे’मुळे फळ कर्त्याकडे येते, व्यवहार सांगतो की त्या कर्त्याकडे फळाऐवजी सोसणे येते. समेटाचा भार कोणावर पडतो हे शोधण्यासाठी शांतता-अभ्यासाने सिद्धांताची वाट पाहण्याचे कारण नाही. या तीन शब्दांच्या रूपांत ते आधीच उकललेले आहे.

(३)

या शब्दव्यवस्थेला इतिहास आहे. मराठेशाहीतील न्यायपद्धतीवर वि. त्र्यं. गुणे यांचा प्रबंध १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्यातून आणि प्रकाशित कागदपत्रांतून जी परिभाषा समोर येते ती थक्क करणारी आहे. अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापली ‘तकरीर’ मांडीत, दोघांकडून ‘राजीनामा’ घेतला जाई, गोत बसे, ‘महजर’ होई, जिंकणारा ‘निवाडपत्र’ घेई आणि हरणाऱ्याकडून ‘येजितखत’ लिहून घेतले जाई. यांतील ‘राजीनामा’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. आज त्याचा अर्थ पदत्याग असा आहे. त्या काळी तो पंचांचा निर्णय आपणांस मान्य राहील अशी राजीखुशीची लेखी कबुली होता. निवाड्याआधी उभय पक्षांची संमती हवी, आणि हरलेल्यानेही आपली हार स्वहस्ते नोंदवावी, ही दोन तत्त्वे या दोन शब्दांत साठविलेली आहेत. आधुनिक मध्यस्थीचे शास्त्र जिला ‘प्रक्रियेची मान्यता’ म्हणते ती हीच होय.

तथापि या व्यवस्थेचा गौरव करताना तोल सुटता कामा नये. महजरावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, बलुतेदारही साक्षीला असत, आणि गावच्या शिवेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. पण शिवेवर ज्याचा शब्द प्रमाण, त्याला देवळाच्या पायरीवर स्थान नव्हते. गोतसभा जातिव्यवस्थेच्या अंतर्गत उत्पन्न होणारे वाद सोडवी. जातिव्यवस्था हाच वाद तिच्यापुढे येऊच शकत नव्हता. एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात पंचायतीचे गुण आणि दोष दोन्ही नमूद आहेत; मात्र हा दोष त्यांच्या दृष्टिक्षेपात फारसा आलेला नाही.

‘तह’ या शब्दाचेही असेच. पुरंदरचा तह (१६६५) किंवा वसईचा तह (१८०२) म्हणताना मराठी वाचकाच्या मनात शांततेचे चित्र उभे राहत नाही. बलाबलाचे उभे राहते. तहात युद्ध थांबते, सलोखा होतोच असे नाही. भाषेने ‘तह’ आणि ‘सलोखा’ हे शब्द वेगळे ठेवले यात शतकांचा राजकीय अनुभव आहे.

(४)

या पार्श्वभूमीवर ‘शांतता’ हा मध्यवर्ती शब्द तपासता येतो. मराठीत ‘शांतता’ आणि ‘शांती’ हे दोन शब्द एकाच धातूपासून निघूनही वेगळ्या वाटांनी गेले आहेत. ‘शांतता राखा’ ही पाटी ग्रंथालयात असते. ‘शांतता समिती’ सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात बसते. ‘शांती’ मनाला मिळते. विनोबांनी १९५७ मध्ये जे दल कल्पिले त्याला त्यांनी ‘शांतिसेना’ हे नाव दिले. ‘शांतता’ हा शब्द तेथे बसला नसता. (तोच शब्द पुढे १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या सशस्त्र भारतीय सैन्यालाही लावला गेला, हा शब्दांच्या प्रवासातील एक कटू योगायोग होय.) सारांश, आवाज नसणे आणि दंगा नसणे एवढाच ‘शांतते’चा रूढ अर्थ आहे. गाल्टुंग यांनी प्रत्यक्ष हिंसेच्या अभावाला ‘नकारात्मक’ आणि अन्यायाच्या रचनेच्या अभावाला ‘सकारात्मक’ शांतता म्हटले. १९६९ मधील त्यांच्या प्रसिद्ध निबंधात ‘संरचनात्मक हिंसा’ ही कल्पना याच भेदासाठी आली. मराठीत पहिल्या कल्पनेला आयता शब्द आहे. दुसरीला ‘सकारात्मक शांतता’ म्हणणे म्हणजे नीरवतेलाच एक विशेषण चिकटविणे होय. अध्यापक हा शब्द उच्चारतो तेव्हा विद्यार्थ्याच्या कानावर पाटीवरील आज्ञाच येते.

या भेदाचे जगातील कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल असे उदाहरण नाशिकातच घडले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर यांचे नेतृत्व आणि दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांची संघटना यांवर तो उभा होता. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांवर बसली. एप्रिलमध्ये रामनवमीच्या उत्सवातील रथाच्या वेळी तडजोड झाली : रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी ओढावयाचा. प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात लागण्यापूर्वीच रथ पळविला गेला आणि दगडफेक झाली. तडजोड होती; तिचा ‘राजीनामा’ कोणी मनापासून दिलेला नव्हता. सत्याग्रह खंड पडत पडत पुढे कित्येक वर्षे चालला. ३ मार्च १९३४ च्या पत्रात आंबेडकरांनी गायकवाडांना तो पुढे न चालविण्याविषयी कळविले. दलितांना मूर्तिपूजक करावे हा आपला हेतू नव्हता, त्यांच्यात चेतना उत्पन्न करण्याचा तो मार्ग होता, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवला येथे, धर्मांतराची घोषणा झाली.

आता प्रश्न असा की १ मार्च १९३० रोजी नाशिकात काय होते? मंदिराचे दरवाजे रोजच्याप्रमाणे उघडत होते, उत्सव होत होते, दगडफेक होत नव्हती. त्याला ‘शांतता’ असेच म्हणावे लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून ती ‘भंग पावली’ असेही. म्हणजे परिभाषेच्या न्यायासनापुढे आरोपी म्हणून सत्याग्रही उभे राहतात. ज्या शब्दामुळे अन्याय करणारा दिसेनासा होतो आणि अन्याय बोलून दाखविणारा तेवढा दिसतो, तो शब्द या विषयाचा पाया म्हणून पुरेसा नाही.

(५)

हा दोष केवळ भूतकाळाचा नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेतून समिती नेमावी, नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून प्रतिबंधक उपाय करावेत, जुने तंटे सामोपचाराने मिटवावेत, कामाचे मूल्यमापन व्हावे आणि लोकसंख्येच्या प्रमाणात गावाला रोख पारितोषिक मिळावे, अशी तिची रचना होती. न्यायालयांत वर्षानुवर्षे पडून राहणारे बांधाचे आणि वाटणीचे दावे गावातच मिटावेत हा हेतू स्तुत्य होता, आणि अनेक कुटुंबांची धावपळ त्यामुळे वाचली हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही ‘तंटामुक्त’ हा समास तपासला पाहिजे. ‘व्यसनमुक्त’ आणि ‘हागणदारीमुक्त’ हे त्याचे शासकीय सोबती आहेत. या पंगतीत बसल्याबरोबर तंटा हा व्यसन आणि घाण यांच्या जातीचा ठरतो : त्याच्यापासून सुटावयाचे असते, त्याचे ऐकून घ्यावयाचे नसते. ‘सामोपचार’ या शब्दातही ‘उपचार’ आहेच. म्हणजे तंटा हा पुन्हा रोगच. सुटलेल्या तंट्यांची संख्या मोजता येते. कधी बोललाच न गेलेला तंटा मोजता येत नाही. ज्या गावात दुर्बलाची तक्रार करण्याची छाती होत नाही, ते गाव या मोजणीत पुढे राहण्याचा संभव असतो. १ मार्च १९३० चे नाशिक या कसोटीवर निर्वेध उतरले असते.

याच्या उलट ‘प्रकल्पग्रस्त’ हा समास पाहावा. त्याचे सोबती पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, ग्रहणातल्या बिंबासारखा. धरण किंवा कारखाना यांना पूर आणि भूकंप यांच्या रांगेत बसविण्याचे धाडस कोणा पंडिताने केलेले नाही, ते मराठी व्यवहाराने केले. संरचनात्मक हिंसेचे इतके नेमके नाव अन्यत्र क्वचितच आढळेल. परंतु हाच शब्द एक गोष्ट झाकतो. पुराला कर्ता नसतो. ‘प्रकल्पाने ग्रस्त’ या तृतीया तत्पुरुषात कर्ता आहे तो प्रकल्प. प्रकल्प मंजूर करणारा, जमीन घेणारा, मोबदला ठरविणारा त्यात नाही. राज्याच्या १९९९ च्या पुनर्वसन अधिनियमाच्या नावात ‘प्रकल्पबाधित’ असा शब्द आला. त्याने गिळण्याची तीव्रताही गेली आणि कर्ता पूर्वीप्रमाणेच अनुपस्थित राहिला.

या दोन समासांच्या मध्ये ‘विकास’ हा शब्द उभा आहे. फूल विकसते ते आपोआप, आतून. ‘मिटणे’ याचे ते प्रतिरूपच होय. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी २० जानेवारी १९४९ च्या भाषणात जगाच्या मोठ्या भागाला ‘अविकसित’ ठरविले, तेव्हापासून विकास ही कोणीतरी कोणाचा तरी करावयाची गोष्ट झाली. मराठीतही ‘विकसणे’ मागे पडून ‘विकास करणे’ पुढे आले. अमर्त्य सेन यांनी १९९९ मध्ये विकास म्हणजे स्वातंत्र्याचा विस्तार अशी मांडणी केली, ती एका अर्थी अकर्मक क्रियापदाकडे परत जाणेच आहे.

(६)

नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीतील, मुंबई-आग्रा महामार्गालगतचे अंबड या सर्व शब्दांची सरमिसळ एका ठिकाणी दाखविते. (जालना जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याशी त्याचा संबंध नाही.) येथे जुने गाव आहे आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत आहे. ज्या १९६१ च्या अधिनियमाने राज्यात अशा वसाहतींसाठी जमिनी संपादन करण्याचा अधिकार मिळाला, त्याच्या शीर्षकातच ‘औद्योगिक विकास’ आहे. ‘संपादन’ म्हणजे मिळविणे; ज्याच्याकडून मिळविले त्याच्या बाजूने हा व्यवहार सांगणारा शब्द अधिनियमात नाही. गावकीची भाषा येथे आहे : बांध, वाटणी, भाऊबंदकी. कारखान्याची भाषा येथे आहे : मागणीपत्र, वेतनकरार, टाळेबंदी, तोडगा. महसुलाची आहे, आणि पोलीस ठाण्यातील शांतता समितीचीही आहे. मात्र तंटामुक्तीची मोहीम ग्रामसभेवर आधारलेली असल्याने महानगरपालिकेच्या हद्दीत तिची समिती संभवत नाही. एकाच घरातील एक भाऊ वाटणीचा दावा लढवीत असतो आणि दुसरा वेतनकराराची वाट पाहत असतो. घराला मात्र दोन्हींची मुळे एकाच भूसंपादनात दिसतात. वर्गातील ‘संघर्ष-निराकरण’ या शब्दात हे एकत्वही मावत नाही आणि हे भेदही मावत नाहीत.

औद्योगिक तंट्यांच्या बाबतीत क्रियापदांचा भेद किती अर्थपूर्ण ठरतो याची साक्ष मुंबईचा गिरणीसंप देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा संप मिटला नाही, सुटला नाही आणि औपचारिक रीत्या मागेही घेतला गेला नाही, तो विरला. त्याला तह नाही, करार नाही, येजितखत नाही. शांततेच्या मोजणीत तो ‘संपलेला संघर्ष’ म्हणून धरला जाईल. गिरणगावच्या भाषेत त्याला अजून शेवटचे क्रियापद मिळालेले नाही.

(७)

यावर असा आक्षेप येऊ शकतो की शास्त्राची परिभाषा बोलीपासून दूर असणे इष्टच असते. बोलीतील शब्दांना पूर्वग्रह चिकटलेले असतात. आक्षेप अंशतः खरा आहे. ‘गोत’ हा शब्द उचलून वर्गात आणल्याने जातीची सभाच आत येईल. परंतु येथे बोलीतील शब्दांना पारिभाषिक पदवी द्यावी असे सुचविलेले नाही. त्यांना अभ्यासविषय करावे एवढेच सुचविले आहे. जॉन पॉल लेडेराक यांनी कोस्टा रिकातील सामान्य माणसे भांडणाला ‘एनरेदो’, म्हणजे जाळ्यातला गुंता, म्हणतात हे पाहून त्या रूपकापासूनच मध्यस्थीच्या शिक्षणाचा आरंभ केला. ‘निराकरणा’ऐवजी ‘रूपांतर’ हा शब्द त्यांनी पुढे आणला तो याच वाटेने. मराठीत ‘गुंता’ आहे, ‘तिढा’ आहे, ‘तेढ’ आहे. काम करणारा मात्र हवा.

एक आशादायक उदाहरण शासनव्यवहारातच आहे. दोन शेतकऱ्यांच्या जमिनींचा ताबा वर्षानुवर्षे परस्परांकडे असेल तर नाममात्र शुल्कात अदलाबदलीची नोंद करून देणारी योजना राज्याने २०२३ मध्ये आणली आणि तिला ‘सलोखा’ असे नाव दिले. ‘तंटामुक्ती’त काय नको ते सांगितले आहे; ‘सलोख्या’त काय हवे ते सांगितले आहे. शिवाय ही योजना केवळ समजूत घालून थांबत नाही, ज्या नोंदीतून वाद निर्माण झाला ती नोंदच बदलते. गाल्टुंग यांच्या दुसऱ्या शांततेसाठी मराठीत शब्द शोधावयाचा असेल तर ‘सलोखा’ हा विचारार्थ घेण्याजोगा आहे. त्यावरही एक मर्यादा राहील : सलोखा मुख्यतः बरोबरीच्यांत होतो. जेथे बरोबरीच नाही तेथे तिच्यासाठी आधी झगडावे लागते, आणि त्या झगड्याला सन्मानाने सामावून घेणारा शब्द शांतता-अभ्यासाच्या परिभाषेत अद्याप नाही. ‘सत्याग्रह’ हा शब्द अनुक्रमणिकेत इतिहासाच्या प्रकरणात ठेवला जातो. त्याची जागा सिद्धांताच्या प्रकरणात आहे.

पदव्युत्तर संशोधनापुढे यातून तीन कामे उभी राहतात. प्रकाशित महजर आणि निवाडपत्रे यांतील तंटावाचक नामे आणि त्यांची क्रियापदे यांची सूची करणे. तंटामुक्त समित्यांच्या नोंदवह्या आणि औद्योगिक वसाहतींतील वेतनकरार यांची भाषा तिच्याशी ताडून पाहणे. आणि ‘मिटवून घेणे’ या वर्गातील आज्ञार्थी रूपे कोण कोणाला उद्देशून वापरतो याची क्षेत्रीय पाहणी करणे. तिसऱ्या कामासाठी दूर जावे लागत नाही. अंबडसारख्या ठिकाणी ते एका वर्षात होण्याजोगे आहे, आणि त्यातून निघणारे निष्कर्ष अभ्यासक्रमाच्या पहिल्याच प्रकरणाची भाषा बदलावयास लावतील.